साथ आल्यावर क्लब चालू कसा ठेवायचा: नव्या पदाधिकाऱ्यांसाठी

रोटरी असो की लायन्स, आपल्या सेवाभावी क्लबांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. पदग्रहण होतं, गळ्यात पदाची कॉलर येते आणि दुसऱ्या दिवसापासून वर्षभराचे प्रोजेक्ट डोक्यात फिरायला लागतात. मी सचिव झालो तो जुलै २०२० मध्ये. पदग्रहण मोबाइलवर झालं. मावळत्या अध्यक्षांनी स्वतःच्या घरात कॉलर काढून टेबलावर ठेवली, नव्या अध्यक्षांनी आपल्या घरात हात जोडले. वर्षासाठी जे प्रोजेक्ट कागदावर लिहिले होते त्यातला एकही झाला नाही. जे झालं ते कुठल्याच कागदावर नव्हतं.

आमचं सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. क्लब छोटा, सभासद बहुतेक पन्नाशीच्या पुढचे: दोन डॉक्टर, एक औषध दुकानदार, काही व्यापारी, काही निवृत्त शिक्षक. पैसा बेताचा. पण त्या दीड वर्षात एक गोष्ट मला पक्की समजली. साथीच्या दिवसांत गावातल्या क्लबचं मोठं भांडवल म्हणजे ओळखी. कोणत्या घरात कोण एकटं आहे, कोणाला इन्सुलिन लागतं, कोणाची मुलं पुण्यात किंवा अमेरिकेत आहेत, कोण कधीच मदत मागणार नाही, हे गावातल्या माणसाला माहीत असतं. खाली लिहिलेलं सगळं याच एका गोष्टीभोवती आहे. कोरोना गेला तरी डेंग्यू दरवर्षी येतो, आणि कधीतरी दुसरं काही येईल. तेव्हा नव्या पदाधिकाऱ्यांच्या हाताशी हे असावं म्हणून लिहितोय.

पहिलं काम: आपल्याच माणसांना फोन

मदतीचे मोठे बेत आखण्याआधी सभासदांची यादी काढा आणि ती वाटून घ्या. एका माणसाकडे सात-आठ नावं, त्याहून जास्त नाहीत. रोज ठरलेल्या वेळी फोन. आम्ही सकाळी दहाची वेळ ठेवली होती, कारण तोपर्यंत दूध, आंघोळ, पूजा उरकलेली असते.

फोनवर काय विचारायचं हे शिकावं लागतं. आमचे एक निवृत्त मुख्याध्यापक होते, घरात एकटेच. तीन दिवस मी "सर, कसं आहे?" विचारत होतो आणि सर "उत्तम आहे, काळजी करू नका" म्हणत होते. चौथ्या दिवशी मी विचारलं, "सर, आज भाजी कसली केली?" सर थांबले. मग म्हणाले, "अहो, भाजी कुठली, गॅस संपलाय. चहा-बिस्किटांवर भागवतोय." चहासुद्धा शेजारची मुलगी दारात ठेवून जात होती. तेव्हापासून आमचे प्रश्न बदलले. "ठीक आहे" म्हणून टाळता येईल असं काही विचारायचं नाही. काय जेवलात? गोळ्यांच्या पाकिटात किती गोळ्या उरल्यात? रात्री झोप लागली का? खोकला ऐकू आला तर तोही वहीत लिहायचा.

वहीत लिहायचंच. नाव, तारीख, काय सांगितलं, काय पोचवायचं राहिलं. साधी दोनशे पानी वही पुरते. मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये दिवसभरात शंभर मेसेज पडतात आणि "रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या" हा एक मेसेज त्यात वाहून जातो.

साप्ताहिक मीटिंग बंद करू नका. वेळ कमी करा. झूमच्या मोफत खात्यावर चाळीस मिनिटांत मीटिंग आपोआप तुटायची. त्या मर्यादेचा आम्हाला फायदाच झाला, कारण भाषणं गेली आणि कामं तेवढी राहिली. ज्यांना झूम जमत नव्हतं त्यांना दुसऱ्या सभासदाने साध्या फोनवरून स्पीकरवर जोडून घेतलं. ठराव आणि इतिवृत्त मात्र नेहमीसारखंच लिहा. वर्षभराने हिशेब तपासताना त्याच कागदांचा आधार मिळतो.

दुसरं: आधी विचारा, मग धावा

कोरोनासारख्या मोठ्या साथीत जिल्ह्याचा कारभार आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ खाली चालतो आणि जिल्हाधिकारी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. तालुक्याला तहसीलदार, गावात नगरपालिकेचे मुख्याधिकारी किंवा ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी), आणि आरोग्याचं म्हणाल तर तालुका आरोग्य अधिकारी. क्लबच्या लेटरहेडवर एक पत्र द्या: आम्ही इतकी माणसं आहोत, इतकी वाहनं आहेत, हे काम करू शकतो, संपर्काला हे दोघं. पत्राची पोच घ्या. संचारबंदीत पास लागतो आणि तो पत्राशिवाय मिळत नाही.

पण खरी माहिती आशाताईंकडे असते. त्या रोज घरोघर फिरतात. सप्टेंबर २०२० मध्ये "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" मोहीम सुरू झाली तेव्हा तापमान आणि ऑक्सिजन मोजत त्याच दारोदार गेल्या. आमच्या भागातल्या आशाताईंना आम्ही विचारलं, तुम्हाला काय कमी पडतंय? आम्हाला वाटलं होतं मास्क म्हणतील. त्या म्हणाल्या, "दादा, ऑक्सिमीटरचे सेल संपतात आणि दुकानं बंद आहेत. आणि उन्हात बसायला कुठं जागा नाही, लोक ओसरीवर पण घेत नाहीत." सेल, छत्र्या, पाण्याच्या बाटल्या, आणि दुपारी टेकायला आमच्या एका सभासदाचं बंद पडलेलं दुकान. खर्च अगदी थोडा झाला. वर्षभरातलं सर्वात उपयोगी काम कोणतं असं विचारलं तर मी हेच सांगेन.

शिधा वाटायचा तर

पहिल्या टाळेबंदीत प्रत्येक संस्थेने किट वाटले, आम्हीही वाटले आणि त्यात चुकलोही. एकाच वस्तीत एकाच दिवशी तीन संस्थांच्या गाड्या गेल्या आणि रस्त्यापलीकडच्या भाड्याच्या खोल्यांकडे कोणी फिरकलं नाही. तिथे बिहारचे फरशी बसवणारे कामगार राहत होते. रेशनकार्ड त्यांच्या गावाकडे, मुकादम गायब. त्यांच्यापर्यंत पोचलो तेव्हा आमच्या पिशवीत ज्वारीचं पीठ होतं. त्यातला एकजण पीठ बोटांनी चोळून बघत म्हणाला, "ये कैसे बनाते हैं?" भाकरी थापायची सवय नाही, तवा नाही, आणि छोटा सिलिंडर तर आठ दिवसांपूर्वीच रिकामा झालेला. त्यांना लागत होता गॅस किंवा तयार जेवण. दुसऱ्या दिवसापासून शिवभोजन केंद्रातून थाळ्या नेल्या. मार्च २०२० अखेरीस ती थाळी दहावरून पाच रुपयांवर आली होती.

म्हणून वाटपाआधी एका दिवसाचा वेळ खर्च करून विचारून या. घरात किती जण, काय खातात, चूल आहे की गॅस, लहान मूल आहे का, बायकांना पॅड लागतात का. मग बाकीच्या संस्थांना फोन करून गल्ल्या वाटून घ्या. गावातलं गणेश मंडळ, मशिदीची कमिटी, व्यापारी संघटना, दुसरा क्लब, सगळ्यांची मिळून एकच यादी असू द्या. मान कोणाला मिळतो याचा विचार करायचे ते दिवस नसतात.

रक्त

साथीत रक्तपेढ्या लवकर रिकाम्या होतात, कारण कॉलेज आणि कंपन्यांमधली शिबिरं थांबतात. अपघात आणि बाळंतपणं मात्र थांबत नाहीत. थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच.

आपल्याला सवय असते वर्षातून एकदा मोठ्या शिबिराची: मंडप, पाहुणे, दोनशे बाटल्या. साथीत ते करू नका, आणि गर्दी हे त्याचं एकच कारण नाही. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट फक्त पाच दिवस. एकाच दिवशी दोनशे पिशव्या दिल्या तर महिन्या-दीड महिन्यानंतर पुन्हा टंचाई. दर आठवड्याला वीस-पंचवीस दाते दिले तर पेढीला सतत पुरवठा राहतो. डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेटची मागणी वाढते तेव्हा तर हाच मार्ग बरा. रक्तपेढीच्या माणसाला विचारून दिवस ठरवा, दात्यांना अर्ध्या-अर्ध्या तासाच्या वेळा द्या, एका वेळी चारच जण.

यादी करतानाच पाहून घ्या: वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन साडेबारा, आणि आधीच्या दानाला पुरुषांसाठी तीन महिने, बायकांसाठी चार महिने झालेले. लस घेतल्यावर किती दिवस थांबायचं हा नियम बदलत असतो. कोरोनात तो आधी २८ दिवस होता, मे २०२१ मध्ये १४ झाला. म्हणून दर वेळी पेढीलाच विचारा. उपाशीपोटी कोणाला आणू नका.

मुंबईत लालबागच्या राजाच्या मंडळाने २०२० मध्ये मूर्ती न बसवता आरोग्योत्सव घेतला, रक्त आणि प्लाझ्मा दानाची शिबिरं भरवली. त्या वर्षी सार्वजनिक मूर्तीला चार फुटांची मर्यादा होती. आमच्या गावातल्या मंडळांच्या पोरांना मी हे उदाहरण दिलं आणि तिथूनच आम्हाला तरुण दाते मिळाले.

ऑक्सिजनची मशीन

दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, अनेक क्लबांनी कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणाऱ्या मशीन घेतल्या. आम्हाला सभासदांच्या परदेशातल्या मुलांनी पैसे पाठवले आणि मिनिटाला पाच लिटर देणाऱ्या काही मशीन आल्या. मशीन घेणं सोपं असतं. चालवणं अवघड, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मशीन द्यायची नाही, अध्यक्षांच्या भावालाही नाही. ऑक्सिमीटरवर ९४ च्या खाली आकडा गेला की डॉक्टर, ९० च्या खाली गेला की दवाखाना, आणि मशीन आहे म्हणून कोणीही पेशंटला घरी धरून ठेवायचं नाही. हे घरच्यांना समोर बसवून सांगा. १०८ नंबर मशीनवरच मोठ्या अक्षरात चिकटवा.

ऑक्सिमीटरबद्दल थोडं. बोट गार असेल, नखाला मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर आकडा चुकतो. एका घरी आजींचा आकडा ८६ दाखवत होता आणि सगळं घर रडायला लागलं होतं. आमच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, हात कोमट पाण्यात धरा, पुसा, मधलं बोट घाला, एक मिनिट थांबा. ९५ आला. उलटही होतं: बसल्यावर ९६ असलेला माणूस सहा मिनिटं घरात चालला की ९२ वर येतो. तेव्हा चालवूनही मोजायला सांगा. धाप लागत असेल त्याला मात्र चालवायचं नाही.

मशीन विजेवर चालते आणि आपल्याकडे वीज जाते. घरात इन्व्हर्टर आहे का आणि तो हा भार ओढेल का, हे आधी वायरमनकडून तपासा. नसेल तर सोबत छोटा सिलिंडर द्या आणि तो किती वेळ पुरतो हे तोंडी न सांगता कागदावर लिहून द्या. हिशेब सोपा आहे. छोट्या, म्हणजे बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण दीड हजार लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला पाच लिटर सोडला तर तीनशे मिनिटं, पाच तास. जंबोमध्ये सात हजार लिटर, म्हणजे त्याच वेगाने तेवीस तास. रात्री अकराला छोटा सिलिंडर लावून घरचे झोपले तर पहाटे चारला तो संपलेला असतो.

बाकी नियम मशीनसोबतच्या कागदावर छापून द्या. मशीन भिंतीपासून फूटभर लांब. बाटलीत डिस्टिल्ड पाणी, खुणेपर्यंतच. मागची जाळी दर आठवड्याला धुऊन, पूर्ण वाळवून. नाकातली नळी प्रत्येक पेशंटला नवी. आणि देवघर: ज्या खोलीत ऑक्सिजन चालू आहे तिथे समई, उदबत्ती, धूप, विडी काही नको. आजारी माणसाच्या उशाशी दिवा लावायची आपली रीत असते. म्हणून मशीन पोचवणाऱ्याने स्वतः आत जाऊन देव कुठे आहेत ते बघायचं आणि नम्रपणे, पण ठामपणे दिवा दुसऱ्या खोलीत हलवायला सांगायचं.

परत आलेली मशीन पुसून, तपासून, दहा मिनिटं चालवून मगच पुढे. अनामत घ्या, अगदी थोडी का असेना. पैशासाठी नाही, मशीन परत यावी म्हणून. एका घरी पेशंट गेले आणि मशीन महिनाभर कोपऱ्यात पडून राहिली. मागायला आमचा जीव होईना आणि घरच्यांना ती डोळ्यांसमोर सहन होईना. शेवटी त्यांच्या सुनेनेच फोन केला, "काका, घेऊन जा ना, दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पडेल." मशीन देताना घेतलेल्या कागदावर घरातल्या दुसऱ्या एका माणसाचा, शक्यतो शेजाऱ्याचा किंवा भाच्याचा नंबर घ्या. परत आणायचं बोलणं त्याच्याशी करा.

पैसे

पावतीशिवाय एक रुपयाही घेऊ नका. क्लबचा नोंदणीकृत ट्रस्ट असेल तर पावती त्याच नावाने. देणगीवरची आयकर सवलत (८०-जी) देणाऱ्याला हवी असेल तर दोन हजारांवरची रक्कम रोख चालत नाही, आणि तांदूळ-डाळ अशा वस्तू दिल्या तर ती सवलत मिळत नाही. हे आधीच सांगा, मार्चमध्ये वाद नको. परदेशातून पैसे येणार असतील तर परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी तपासून आणि सीएला विचारूनच पुढे जा. आमच्या वेळी मुलांनी आपापल्या भारतातल्या खात्यांतून, स्वतः भारतीय नागरिक म्हणून पैसे दिले. नागरिकत्व बदललेल्यांचे पैसे परदेशी देणगी ठरतात.

दर आठवड्याला जमाखर्च सगळ्या सभासदांना पाठवा.

फोटो

घेणाऱ्याचा चेहरा दिसेल असा फोटो काढायचा नाही. देणगीदारांना हिशेब दाखवायला पिशव्यांचा, मशीनचा, पावतीचा फोटो पुरतो. ज्या माणसाने आयुष्यात कोणापुढे हात पसरला नाही, त्याचा हात पुढे आलेला फोटो गावभर फिरला तर पुढच्या वेळी तो उपाशी राहील, पण तुम्हाला सांगणार नाही. आमच्या क्लबने याचा ठरावच केला आणि माझी विनंती आहे, तुम्हीही करा.

काम करणारी माणसं

साठीच्या वरचे आणि मधुमेह, दमा, हृदयाचा त्रास असलेले सभासद फोनवरची कामं घेतील, बाहेर जाणार नाहीत. ते नाराज होतील, तरी ऐकू नका. बाहेरची जोडी ठरलेली ठेवा, रोज नवी नको, म्हणजे एक आजारी पडला तर कोणाला थांबवायचं ते कळतं. सलग सात दिवस काम, मग तीन दिवस सक्तीची सुट्टी.

आम्ही एक सभासद गमावले. औषधं पोचवायचं काम त्यांच्याकडे होतं. संसर्ग कुठून झाला हे कोणालाच सांगता येणार नाही, पण त्यानंतर महिनाभर क्लबमध्ये कोणी नीट बोलत नव्हतं. मी स्वतः रात्री दोनला उठून वही बघत बसायचो. तेव्हा आम्हाला सुचलं नाही, आता सांगतो: आठवड्यातून एक मीटिंग कामाशिवाय ठेवा, नुसतं बोलायला. गरज वाटली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत नंबर आता आहे, तिथे मराठीत बोलता येतं. तो यादीत लिहून ठेवा.

पुण्याच्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी मुंढव्याहून आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपल्या दत्तक मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात आणलं आणि १० मार्च १८९७ ला त्या स्वतः त्याच प्लेगने गेल्या. आपण त्यांचं नाव घेतो ते आदराने. पण आज आपल्याकडे मास्क आहेत, लस आहे. ती वापरून कामाला जाणं हाही त्यांचा मानच आहे.

लाट ओसरल्यावर

इथे बहुतेक क्लब थांबतात आणि खरं लांबचं काम इथेच सुरू होतं. ज्या घरातला कर्ता माणूस गेला त्या घरी तेराव्यानंतर कोणी येत नाही. महिन्याभराने आम्ही दोन-दोन सभासद, सोबत क्लबमधल्या एकाच्या पत्नी, असे जायला लागलो. हातात शिधा न नेता कागदांची यादी नेली.

सगळ्यात आधी नवऱ्याचं पासबुक मागा. मे महिन्याच्या अखेरीस ३३० रुपये वजा झालेत का बघा. ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याची नोंद असते, २०२२ पासून ती रक्कम ४३६ झाली. तेवढी एक ओळ सापडली तर त्या घराला दोन लाख मिळतात. आम्ही गेलो त्यातल्या एका ताईंना खातं कोणत्या शाखेत आहे तेही माहीत नव्हतं. पासबुक कपाटात लग्नाच्या अल्बमखाली होतं. ती ओळ आमच्या निवृत्त बँकवाल्या सभासदाने बोटाने दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, "हे मला कधी बोललेच नाहीत." दावा दाखल होईपर्यंत आमचा माणूस तीनदा त्यांच्यासोबत बँकेत गेला.

मग मृत्यूचा दाखला, वारस नोंद, सातबारा. कोरोनात सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मृतांच्या वारसांना ५० हजार रुपये मिळाले. दाखल्यावर कोरोना लिहिलेला नसला तरी तपासणी पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांत मृत्यू झाला असेल तर तो धरला जात होता. हे माहीत नसल्याने कित्येकांनी अर्जच केला नव्हता. विधवांसाठी संजय गांधी निराधार योजना, मुलांसाठी बालसंगोपन योजना: अर्ज तहसील आणि महिला-बालविकास कार्यालयात. एका घराला एक सभासद नेमा आणि सगळे कागद हातात पडेपर्यंत तोच राहू द्या.

शेवटी कपाट. मशीन, ऑक्सिमीटर, वह्या, तहसील कार्यालयाची पोच, डॉक्टर आणि आशाताईंचे नंबर, सगळं एका कपाटात ठेवा आणि १ जुलैला कॉलरसोबत त्याची किल्ली नव्या सचिवाच्या हातात द्या. दुसरी किल्ली खजिनदाराकडे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मशीन अर्धा तास चालवून बघा, ऑक्सिमीटरमधले सेल काढून ठेवा, नाहीतर ते आतच गळतात. सभासदांची फोनची यादी त्याच दिवशी तपासा. आमची यादी मागच्या रविवारी बघितली, तर तीन नंबर बदललेले निघाले.